पुराचे ३१२ फोटो व्हिडिओसाठी रिसाइज करताना: सांगलीतल्या कामाच्या नोंदी

२१ जून २०२५

काम असं: २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पुरांच्या फोटोंची साधारण १८ मिनिटांची फिल्म. गावभागातल्या एका मंडळाला ती गणपतीत मांडवात प्रोजेक्टरवर दाखवायची आहे. फोटो घराघरांतून गोळा झालेत. एकूण १,१८० फाइल्स आणि वर खोकंभर प्रिंट, मोजून ४६.

फाइल्सची जात पाहिली. डीएसएलआरचे ६०००×४००० चे २६०. फोनचे ४०००×३००० चे ४३०. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेले, लांब बाजू १६०० च्या आसपास, असे ३९०. आयफोनचे हेइक फॉरमॅटमधले ३६. उरलेले ६४ हे २००५ चे: बहुतेक २०४८×१५३६, आणि काही त्या काळच्या फोनवर काढलेले ६४०×४८०.

मशीन साधंच आहे: आय-५, १६ जीबी रॅम, ४ जीबीचं ग्राफिक कार्ड. एडिटिंग डाव्हिंची रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीत. रिसाइजसाठी इमेजमॅजिक, तारखा आणि नावांसाठी एक्झिफटूल, नुसतं बघायला इरफानव्ह्यू. सॉफ्टवेअरवर खर्च शून्य. ६४ जीबीचा एक पेनड्राइव्ह घेतला, ४५० रुपये.

पहिला प्रयोग मुद्दाम आळशीपणे केला. रिसाइज न करता डीएसएलआरचे २० फोटो थेट टाइमलाइनवर (एडिटरमधली क्लिप मांडायची पट्टी) टाकले, प्रत्येकाला हळू झूम दिला आणि मध्ये क्रॉस डिझॉल्व्ह (एक फोटो विरताना दुसरा उमटणं) लावले. प्लेबॅक सेकंदाला ६-७ फ्रेमवर आला, आणि अकराव्या फोटोला ग्राफिक कार्डची मेमरी भरल्याचा संदेश. जेपेग फाइल डिस्कवर ८ एमबीची दिसते म्हणून फसायला होतं. उघडल्यावर हिशोब वेगळा असतो. ६००० गुणिले ४०००, म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. प्रत्येकाला चार चॅनेल, प्रत्येक चॅनेलला ४ बाइट धरले तर एका फोटोला ३८४ एमबी. डिझॉल्व्हमध्ये एका वेळी दोन फोटो उघडे. चार जीबीत हे किती वेळ चालणार?

२२ जून

किती मोठा फोटो हवा, हे आधी कागदावर ठरवलं. टाइमलाइन १९२०×१०८०, २५ फ्रेम. फोटो हलणारच नसेल तर १९२० रुंदी पुरते. १०० वरून १२० टक्क्यांवर झूम करायचा असेल तर २३०४. झूम १५० पर्यंत न्यायचा असेल तर २८८०. फोटोत काय आहे त्यावरून झूम ठरतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचा लांबून काढलेला फोटो असेल तर पुलावरच्या माणसांपर्यंत जावंसं वाटतं. तिथे १५० लागतो. टिळक चौकात छातीभर पाण्यातून चालणारा माणूस आधीच जवळ आहे, त्याला ११० पुष्कळ.

प्रत्येक फोटोला वेगळं माप देत बसलो तर काम संपणार नाही. म्हणून सरसकट १५० टक्क्यांची सोय धरली: चौकट २८८०×१६२०, आणि फोटोने ती पूर्ण भरली पाहिजे, म्हणजे फोटोची कोणतीही बाजू त्या चौकटीपेक्षा कमी पडता कामा नये. ३:२ चा आडवा फोटो यात २८८०×१९२० होतो. तो उघडल्यावर ८८ एमबी घेतो. ३८४ च्या जागी ८८, एवढ्यावर मशीन चालतं.

टाइमलाइनच ४के (३८४०×२१६०) करा असा एक सल्ला आला. केली नाही. मांडवातल्या प्रोजेक्टरला ४के झेपत नाही आणि आपल्याकडचे बरेच फोटो ४के चौकट भरू शकत नाहीत.

"सगळे ३०० डीपीआय करून घ्या" हेही सांगून झालं. फ्लेक्सवाल्यांकडून आलेली सवय. व्हिडिओला डीपीआयचा (एका इंचात किती ठिपके) आकडा कळत नाही. २८८०×१९२० चा फोटो ७२ चा असो की ३०० चा, पडद्यावर तेवढाच. स्कॅन करताना मात्र डीपीआय महत्त्वाचा, ते पुढे येईलच.

२३ जून

निवड. १,१८० मधून ३१२ ठेवायचे: सरासरी साडेतीन सेकंद धरले तर १,०९२ सेकंद, म्हणजे १८ मिनिटं. निवड मूळ फाइल्सवर केली नाही. लांब बाजू १०२४ अशा छोट्या प्रती काढल्या आणि त्या मंडळातल्या मंडळींना टीव्हीवर दाखवल्या.

याच छोट्या प्रती काढताना पहिली मोठी चूक. इमेजमॅजिकमध्ये मॉग्रिफाय नावाची आज्ञा फोल्डरभर फाइल्सवर एकदम चालते. तिला "पाथ" हा पर्याय देऊन दुसरं फोल्डर दाखवलं नाही तर ती मूळ फाइलवरच लिहिते. विचारत नाही, इशारा देत नाही. पाथ लिहायचं राहिलं. कंट्रोल-सी दाबेपर्यंत ३७ मूळ फोटो १०२४ चे झाले होते. पेनड्राइव्हवर आदल्या दिवशीची प्रत होती म्हणून परत आणता आले. दुसरी गोष्ट: पाथमध्ये दिलेलं फोल्डर आधी तयार करावं लागतं. मॉग्रिफाय ते स्वतः बनवत नाही, नुसती चूक दाखवून थांबतं. तरी ही चूक बरी, काही बिघडवत तरी नाही.

आजपासून मूळ फाइल्स वेगळ्या डिस्कवर. काम फक्त प्रतीवर.

२४ जून

नावं. इथे दिवस गेला.

कॅमेऱ्याचा नंबर ९९९९ नंतर पुन्हा ०००१ वर येतो. त्यामुळे तीन घरांतून आलेल्या तीन कॅमेऱ्यांत एकाच नावाचे ५८ फोटो. एका फोल्डरमध्ये ओतले असते तर एकमेकांवर पडले असते. एक्झिफटूलने फाइलचं नाव "फोटो काढल्याची तारीख आणि वेळ" असं करून घेतलं. एकाच सेकंदातले फोटो असतील तर नावाच्या साच्यात आकड्याची खूण द्यावी लागते, मग पुढे आकडा लागतो.

अडथळा एक. काहींनी फाइल्सना देवनागरीत नावं दिली होती, "मारुती चौक पाणी" वगैरे. विंडोजच्या काळ्या खिडकीतून (कमांड प्रॉम्प्ट) एक्झिफटूल चालवलं की अशी फाइल सापडत नाही म्हणतं. फाइलनावांसाठी यूटीएफ-८ सांगायचा पर्याय आहे, तो दिला की चालतं. आम्ही सोपं केलं: इरफानव्ह्यूच्या बॅच रिनेमने आधी साधे आकडे दिले आणि मूळ नावांची यादी एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवली. ती यादी फेकू नका. कॅप्शन लिहिताना तीच कामाला येते.

अडथळा दोन. २०१९ चा एक डीएसएलआर सगळं रात्री घडल्याचं सांगत होता. लख्ख उजेडातल्या फोटोवर २१:३९. घड्याळात एएम-पीएमचा घोळ. नुसते १२ तास वजा करून भागलं नाही. स्टेशन चौकातली तीच नाव, तीच माणसं एका फोनच्या फोटोतही होती, तिथे वेळ ९:४२. फरक ११ तास ५७ मिनिटं. त्या कॅमेऱ्याच्या सगळ्या फाइल्समधून एवढी वेळ वजा केली आणि क्रम जुळला. दोन कॅमेरे असतील तर दोघांतही असलेला एक प्रसंग शोधायचा, बाकी घड्याळांवर विसंबायचं नाही.

व्हॉट्सअॅपच्या फोटोंत काढल्याची वेळ उरतच नाही. नावात तारीख असते, पण ती फोटो आल्याची. १२ ऑगस्टचं नाव असलेला फोटो ७ तारखेचा असू शकतो. हे फोटो पाण्याच्या उंचीवरून हाताने लावले. आयर्विन पुलापाशी इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. एकाच दुकानाच्या पाटीशी पाणी कुठे आहे ते पाहिलं की चढतीचा फोटो की उतरतीचा हे कळतं: उतरतीला भिंतीवर वर ओला गाळ दिसतो.

२५ जून

सगळ्यात महागडी चूक आज. तीही अशी की कुठे काही बोंब नाही.

इमेजमॅजिकला मापाच्या पुढे दोन खुणा देता येतात. ^ म्हणजे चौकट भरेल असा आकार कर. > म्हणजे मोठाच असेल तर लहान कर, लहान असेल तर वाढवू नकोस. दोन्ही हव्यात. माप लिहिलं, पुढे ^> लिहिलं, चालवलं. ३१२ फाइल्स पाच मिनिटांत तयार, एकही चूक नाही. रिझॉल्व्हमध्ये घेतल्या, निम्म्या टाइमलाइनवर झूम लावून झाल्यावर लक्षात आलं की झूमच्या शेवटी फोटो फाटतोय, म्हणजे ताणून अस्पष्ट दिसतोय. फाइल पाहिली: ४०००×३००० चा फोटो २८८०×२१६० व्हायला हवा होता, झाला होता २१६०×१६२०. म्हणजे चौकट भरली नव्हती, फोटो चौकटीच्या आत बसवला होता.

कारण विंडोजचं. त्या काळ्या खिडकीत ^ हे चिन्ह "पुढचं अक्षर जसंच्या तसं घे" यासाठी राखीव आहे. त्यामुळे ^> मधला ^ विंडोजनेच गिळला आणि इमेजमॅजिकला फक्त > पोहोचलं. आज्ञा वैध, म्हणून तक्रार नाही. नुसतं > लिहिलं असतं तर विंडोजने ते "निकाल फाइलमध्ये लिही" असं समजून फोल्डरात एक विचित्र नावाची फाइल तरी केली असती, लगेच कळलं असतं. उपाय एवढाच की संपूर्ण माप दुहेरी अवतरण चिन्हांत घालायचं: "२८८०×१६२०^>". टाइप करताना आकडे इंग्रजी आणि मधलं चिन्ह इंग्रजी एक्स.

गेलेला वेळ: अडीच तास. रिसाइजचा नव्हे, टाइमलाइनवरचा.

२६ जून

अवतरण चिन्हं घातली. आडवे फोटो बरोबर आले. उभे अजून चुकतच होते: २८८०×३८४० हवे तिथे २१६०×२८८०.

फोन उभा धरून काढलेला फोटो फाइलमध्ये बहुधा आडवाच असतो. सोबत एक खूण असते, "दाखवताना फिरव". इमेजमॅजिक आज्ञेतले पर्याय डावीकडून उजवीकडे, लिहिलेल्या क्रमाने करतं. आम्ही रिसाइज आधी आणि ऑटो-ओरिएंट नंतर लिहिलं होतं. त्याने आडव्या फाइलला २८८०×२१६० केलं आणि मग फिरवलं. क्रम उलटा केला, आधी ऑटो-ओरिएंट आणि मग रिसाइज, की मिटलं. ऑटो-ओरिएंट ती खूणही पुसून टाकतं, त्यामुळे एडिटर पुन्हा फिरवत नाही.

उभा फोटो २८८०×३८४० म्हणजे १७७ एमबी, जरा जडच. पण निवडलेल्यांत उभे ४१ आहेत, म्हणून सोडून दिलं. उभेच जास्त असतील तर त्यांची वेगळी फेरी काढून रुंदी २११२ ठेवा. उभ्या फोटोत बहुतेक वेळा खालून वर सरकायचं असतं, झूम फारसा लागत नाही.

आता पक्की झालेली आज्ञा, तोंडी सांगायची तर: मॅजिक, मॉग्रिफाय, पाथ आणि फोल्डरचं नाव, ऑटो-ओरिएंट, रिसाइज आणि अवतरणातलं माप, क्वालिटी ९२, शेवटी फाइल्स. प्रत्येक पर्यायाच्या आधी डॅश.

आज्ञा टाइप करणं नको असेल त्यांनी इरफानव्ह्यूमध्ये बी दाबावं, बॅच कन्व्हर्जन, अॅडव्हान्स्ड. तिथे "सेट शॉर्ट साइड" ला १९२० द्यावं. लाँग साइडला नको: लाँग साइड २८८० दिलं तर १६:९ चा उभा फोटो १६२० रुंदीचाच होतो आणि पडद्याची १९२० रुंदी भरताना फाटतो. रिसॅम्पल फंक्शनवर टिक, "लहान फोटो मोठे करू नको" वर टिक. मूळ फाइल्स डिलीट करण्याचाही एक टिक त्याच बाजूला आहे, तो उघडा डोळे ठेवून टाळावा. एक्झिफ माहिती (फाइलमधली तारीख, कॅमेरा वगैरे) ठेवणार असाल तर ओरिएंटेशनची खूण रिसेट करण्याचा पर्यायही लावा, नाहीतर फिरवलेला फोटो एडिटरमध्ये आणखी एकदा फिरतो.

२७ जून

संध्याकाळी पावसात वीज गेली, बॅच अर्ध्यावर. परत आल्यावर शेवटची फाइल खालून करडी. अशी फाइल यादीत इतरांसारखीच दिसते. आयडेंटिफाय ही आज्ञा व्हर्बोस पर्यायासह फोल्डरवर चालवली तर फाइल अर्धवट असल्याचा इशारा मिळतो. नुसती आयडेंटिफाय बहुधा फाइलचा मथळा वाचून मोकळी होते, तिला पत्ता लागत नाही. याच तपासणीत फोनवरून कॉपी होतानाच तुटलेल्या आणखी दोन मूळ फाइल्स सापडल्या. त्या घरी जाऊन परत आणल्या.

२८ जून

रंग. आयफोनचे हेइक फोटो जेपेग केले आणि सोबत फाइल हलकी व्हावी म्हणून "स्ट्रिप" लावलं. फोटो मलूल झाले. आयफोन डिस्प्ले पी-३ या रंगव्याप्तीत फोटो ठेवतो आणि तसं सांगणारं प्रोफाइल फाइलमध्ये असतं. स्ट्रिपने प्रोफाइलच काढून टाकलं. आकडे तेच राहिले आणि एडिटरने ते एसआरजीबीचे, म्हणजे पडद्यांच्या नेहमीच्या रंगव्याप्तीचे, समजून वाचले. आधी एसआरजीबी प्रोफाइलमध्ये रूपांतर आणि मगच स्ट्रिप, असा क्रम हवा. खरं तर स्ट्रिप हवंच कशाला? फाइलमागे काही केबी वाचतात.

मग डीएसएलआरमधले असेच फिके १९ फोटो शोधले. ओळखायची खूण सोपी: कॅमेरा अॅडोबी आरजीबीवर असेल तर फाइलचं नाव अंडरस्कोरने सुरू होतं. पण आम्ही २४ तारखेला नावं बदलून ही खूण पुसली होती. जुन्या नावांच्या यादीवरून शोधले. कृष्णेचं पुराचं पाणी आधीच मातकट, त्यात रंग फिका पडला की गढूळ करडं दिसतं. एसआरजीबी केल्यावर पिवळट तांबूस रंग परत आला.

एका ओळखीच्या अल्बमवाल्याकडून आलेल्या दोन फाइल्स सीएमवायके निघाल्या, छपाईच्या. त्याही याच फेरीत एसआरजीबी केल्या.

२९ जून

क्वालिटी ८५ की ९२? मोठ्या पडद्यावर पाणी, आभाळ, घरं यात फरक शोधूनही सापडला नाही. फरक दिसला तो बचाव पथकाच्या नारिंगी जॅकेटच्या कडांवर. ८५ ला कडा पसरट, डागाळलेली. इमेजमॅजिक ९० च्या खाली रंगाची माहिती निम्म्या बारकाईने साठवतं, ९० आणि वर पूर्ण. लाल-नारिंगी रंगाला त्याचा फटका आधी बसतो. ८५ ला सरासरी फाइल १.१ एमबी, ९२ ला २ एमबी. ३१२ फोटोंचे सव्वासहाशे एमबी, यात काटकसर करण्यासारखं काही नाही. पीएनजी करून बघितलं: फाइल कैक पट मोठी, पडद्यावर तेच.

एक पथ्य: दुरुस्ती करायची तर पुन्हा मूळ फाइलवरून. रिसाइज केलेल्या जेपेगचं परत जेपेग करत गेलं की तिसऱ्या फेरीला आभाळात चौकोन दिसायला लागतात.

३० जून

प्रिंट स्कॅन. ४×६ इंचाची प्रिंट ३०० डीपीआयला १८००×१२०० येते, आपल्या चौकटीला अपुरी. ६०० ला ३६००×२४००. सगळ्या ६०० ला केल्या. एका प्रिंटला सफाईसकट चार मिनिटं, ४६ ला तीन तासांच्या वर.

२००५ च्या पाण्यात भिजून अल्बमच्या प्लॅस्टिकला चिकटलेल्या ७ प्रिंट होत्या. एक ओढून पाहिली, चेहऱ्यासकट थर सुटला. बाकीच्या सहा प्लॅस्टिकसकट, पानच काचेवर ठेवून स्कॅन केल्या. थोडी चमक येते. चालेल.

खडबडीत मॅट कागदाच्या प्रिंट स्कॅनमध्ये बारीक ठिपक्यांनी चमकतात. तीच प्रिंट उलटी, म्हणजे १८० अंशात फिरवून दुसऱ्यांदा स्कॅन केली आणि दोन्ही प्रती एकमेकींवर सरासरीने बसवल्या तर खडबड बरीच जाते. पाचच प्रिंटना केलं, वेळखाऊ आहे.

२ जुलै

सगळे फोटो ०००१ पासून ०३१२ पर्यंत सुबक नावांचे झाले. रिझॉल्व्हमध्ये फोल्डर उघडलं तर ३१२ फोटोंच्या जागी एकच क्लिप, साडेबारा सेकंदांची. सलग आकडे दिसले की रिझॉल्व्ह त्याला चित्रपटाच्या फ्रेमची मालिका समजतं: ३१२ भागिले २५. मीडिया पानावर वरच्या कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांत "फ्रेम डिस्प्ले मोड" आहे, तो "इंडिव्हिज्युअल" करायचा. दोन क्लिकचं काम, पण माहीत नसेल तर माणूस नावं परत बिघडवायला बसतो. आम्ही तेही अर्धा तास करून पाहिलं.

स्थिर फोटोची मूळ लांबी ५ सेकंद असते. टाइमलाइनवर टाकण्याआधी प्रेफरन्सेसमध्ये ३.५ सेकंद करून घेतली. नंतर ३१२ क्लिप एकेक करून कापाव्या लागल्या असत्या.

४ जुलै

छोटे फोटो. > या खुणेमुळे ते वाढवले गेले नाहीत, जसे होते तसे आले, आणि हेच हवं होतं. वाढवलेल्या फोटोत नवीन काही येत नाही, फक्त फाइल फुगते आणि त्यात काय कमी आहे हे एडिटिंग करणाऱ्याला कळेनासं होतं.

१६००×१२०० चा व्हॉट्सअॅप फोटो पडदाभर करायचा तर १२० टक्के ताणावा लागतो, आणि त्याला आधीच दाबून दाबून चौकोन पडलेले असतात. तोच १०८० उंचीत बसवला तर १४४०×१०८० होतो, म्हणजे उलट थोडा लहान, आणि चांगला दिसतो. दोन्ही बाजूंना २४० पिक्सेलच्या पट्ट्या उरतात. तिथे त्याच फोटोची धूसर प्रत मागे ठेवली.

ही धूसर पार्श्वभूमी एडिटरमध्ये करता येते, पण ११८ फोटोंना दोन-दोन थर आणि ब्लर लावून मशीन परत रडायला लागलं. म्हणून बॅचमध्येच केली. १९२०×१०८० वर सरळ जोरदार ब्लर लावला तर एका फोटोला ४ सेकंदांच्या वर लागत होते. आधी १९२×१०८ एवढा लहान केला, त्यावर हलका ब्लर, मग परत १९२०×१०८०: सेकंदाच्या आत, आणि डोळ्याला फरक नाही. शिवाय थोडा काळोख मिसळला, नाहीतर मागचं आभाळ पुढच्या फोटोपेक्षा उजळ पडतं.

२००५ चे ६४०×४८० चे आठ फोटो दुप्पट, १२८०×९६०, करून त्याच पार्श्वभूमीवर ठेवले. पडदाभर करा असा आग्रह झाला. एक करून दाखवला, आग्रह संपला.

५ जुलै

झूम चालू असताना कौलं चमचम करतात. पत्रे, पुलाचा कठडा, पाण्यावरची बारीक लाट, सगळं लुकलुकतं. स्थिर फोटोत काहीच दिसत नाही. कारण आपणच केलेलं: २६ तारखेच्या बॅचमध्ये "थोडा शार्प बरा" म्हणून वरच्या आज्ञेत अनशार्पही (कडा तीक्ष्ण करणारा पर्याय) घातला होता. बारीक तीक्ष्ण रेघा हळू झूममध्ये एका फ्रेमला एका पिक्सेलवर आणि पुढच्या फ्रेमला दोन पिक्सेलांमध्ये पडतात, म्हणून लुकलुक. अनशार्प काढून पूर्ण बॅच पुन्हा चालवली, नावं तीच ठेवली, रिझॉल्व्हमध्ये रिलिंक केलं, म्हणजे जुन्या क्लिपना नव्या फाइल्स जोडल्या. झूम जसेच्या तसे राहिले.

तरी ९ फोटो उरले. सगळे कौलारू गल्ल्यांचे, हरिपूरच्या बाजूचे तीन. त्यांना रिसाइजनंतर ०.६ चा ब्लर दिला. मॉनिटरवर ते जरा मऊ वाटतात, पडद्यावर कुणाला कळत नाही.

६ जुलै

पुलावरून काढलेला एक पॅनोरमा, १०८००×२४००. चौकट भरण्याच्या नियमाने तो ७२९०×१६२० झाला होता, पण याला झूम नाही, फक्त आडवा सरकायचा आहे. उंची १२०० ठेवली, रुंदी ५४०० आली. सरकायची जागा ५४०० वजा १९२०, म्हणजे ३,४८० पिक्सेल. १० सेकंदांत नेला तर एका फ्रेमला १४ पिक्सेल. २५ फ्रेमला हे गचके देत जातं. २० सेकंदांत ६.९६ पिक्सेल, गचके गेले पण बारीक थरथर राहिली. आकडा पूर्ण करायला रुंदी ५४२० केली, उंची त्या प्रमाणात. आता जागा ३,५०० आणि ५०० फ्रेम, बरोबर ७ पिक्सेल. थरथर थांबली. सरकण्याच्या सुरुवातीला-शेवटाला वेग हळू करण्याचा पर्याय बंद ठेवावा लागतो, नाहीतर हा हिशोब बिघडतो.

८ जुलै

भाड्याने मिळणाऱ्या प्रोजेक्टरवर चाचणी. मूळ क्षमता १२८०×८०० निघाली. फुल एचडी तो स्वतःच लहान करून दाखवतो, वर-खाली काळ्या पट्ट्या. फोटोंना धक्का नाही, पण कॅप्शन बारीक पडली. उंची १०८० च्या चौकटीत ३६ पिक्सेलची होती, ५४ केली. प्रोजेक्टरने लहान केल्यामुळे कौलांचे आणखी दोन फोटो लुकलुकले: ०१४४ आणि ०२०७. त्यांनाही ०.६ चा ब्लर देऊन रिलिंक केलं. ०२०७ तरी थांबेना, त्याचा झूमच काढून टाकला.